चुन्याची परीक्षा

आजचा विषय जाहीर झाला तेव्हा आमच्या एका स्नेह्यांनी विचारले, "चुन्यावर तासभर बोलण्यासारखे आहे तरी काय? पानाला लावावा तो चुना आणि भिंतीला लावावा तोही चुना." त्यांचे म्हणणे एका अर्थी खरे आहे. पण पानाला लावावयाचा चुना आणि धरणाच्या पायात घालावयाचा चुना यांत फरक आहे, आणि तो फरक ओळखावयास माणसाला जवळजवळ दोन हजार वर्षे लागली. तो कसा ओळखला गेला, एवढीच आजची हकीकत.

आमच्या लहानपणी गावात एका वाड्याचे काम निघाले होते. वाड्यामागे चुन्याची घाणी होती. गोल दगडी चर, त्यात फिरणारे अवजड चाक, आणि जोखडाला बांधलेला एक डोळे मिटून चालणारा बैल. लोणारी कळीचा चुना आणीत, तो विरवीत, मग त्यात वाळू आणि विटांची पूड, म्हणजे सुरखी, घालून घाणीत मळीत. त्या कामावर एक म्हातारे गवंडी होते. सगळे त्यांना बाबा म्हणत. घाणीतला चुना उचलण्यापूर्वी बाबा त्यातला थोडा हातात घेत, सुपारीपेक्षा थोडी मोठी गोळी वळीत, सावलीत ठेवीत आणि ती आवळून आली की पाण्याच्या भांड्यात टाकीत. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी गोळी बाहेर काढून बोटाने दाबून पाहत. आम्हा मुलांना तो खेळ वाटे. आम्ही एकदा विचारले, "बाबा, हे कशाला?" ते म्हणाले, "चुना खोटं बोलत न्हाई. पन त्याला इचारावं लागतं."

पुढे पुष्कळ वर्षांनी एका इंग्रज यंत्रज्ञाने लिहिलेला मोठा ग्रंथ आमच्या हाती आला, आणि त्यात बाबांची गोळी आम्हाला जशीच्या तशी भेटली. तो ग्रंथ १७९१ सालचा. लेखकाचे नाव जॉन स्मीटन.

इंग्लंडच्या नैऋत्येला प्लिमथ बंदरापासून सुमारे १४ मैलांवर समुद्रात एडिस्टन नावाचे खडक आहेत. भरतीला ते पाण्यात जातात, ओहोटीला थोडे डोके वर काढतात. अटलांटिकमधून प्लिमथला येणारी गलबते त्यांवर आपटत आणि बुडत. त्या खडकावर दिवा लावण्याचा पहिला प्रयत्न हेन्री विन्स्टन्ली याने केला. १६९८ साली त्याचा दिवा लागला. १७०३ च्या नोव्हेंबरात इंग्लंडमध्ये जे महाभयंकर वादळ झाले त्यात दीपगृह गेले, आणि त्या रात्री विन्स्टन्ली स्वतः तेथेच होता, तोही गेला. दुसरे दीपगृह रडयर्ड याने मुख्यतः लाकडाचे बांधले. ते जवळजवळ अर्धशतक टिकले आणि १७५५ च्या डिसेंबरात जळाले. आग विझवीत असता वरून वितळलेले शिसे त्र्याण्णव-चौऱ्याण्णव वर्षांच्या रखवालदाराच्या घशात गेले. "माझ्या पोटात शिसे आहे" असे तो सांगे, आणि कोणाचा विश्वास बसेना. बारा दिवसांनी तो वारला, तेव्हा पोटातून शिशाचा गोळा निघाला. तो गोळा स्कॉटलंडच्या संग्रहालयात अजून आहे.

एक वाऱ्याने गेले, दुसरे आगीने. तिसरे बांधावयाचे काम जॉन स्मीटनकडे आले. त्याचे वय तेव्हा पुरते बत्तीसही नव्हते. मूळचा तो शास्त्रीय उपकरणे बनविणारा कारागीर. दीपगृह सोडा, त्याच्या नावावर सांगण्यासारखी मोठी इमारतही नव्हती. रॉयल सोसायटीच्या अध्यक्षांनी त्याचे नाव सुचविले होते. आम्हाला वाटते, तो उपकरणे बनविणारा होता हेच येथे कामी आले. गवंड्याला गुरूने सांगितलेले खरे वाटते. उपकरणे बनविणाऱ्याला मोजल्याशिवाय चैन पडत नाही.

दीपगृह दगडाचे बांधावयाचे हे स्मीटनने ठरविले. दगड एकमेकांत कसे अडकवावयाचे, ओकच्या बुंध्यासारखा खाली रुंद आणि वर निमुळता आकार कसा द्यावयाचा, हा भाग सर्वत्र सांगितला जातो, म्हणून आम्ही तो सोडून देतो. आमचा प्रश्न त्या दगडांमधल्या सांध्यांचा. दगड कितीही मोठा आणला तरी दोन दगडांमध्ये फट राहणारच, आणि त्या फटीत घातलेल्या चुन्याला समुद्र दिवसातून दोनदा धुऊन काढणार. रडयर्डच्या लाकडाला सांध्यांची चिंता नव्हती, दगडाला होती. सांधा धुपला की पाणी आत शिरते, आत शिरलेले पाणी लाटेच्या धक्क्याने पाचरीसारखे काम करते, आणि मग दगडाचे वजन किती आहे याला अर्थ राहत नाही. वर राहणाऱ्या रखवालदारांचे जीव त्या बोटभर जाडीच्या चुन्यावर अवलंबून होते.

आता साधा चुना घट्ट कसा होतो ते पाहिले पाहिजे, नाहीतर स्मीटनची अडचण कळावयाची नाही. चुनखडी भट्टीत भाजली की तिच्यातला एक वायू निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. त्यावर पाणी घातले की तो तापतो, फुगतो आणि त्याची फक्की होते. ही फक्की वाळूत कालवून भिंतीत घातली की ती हवेतला तोच वायू हळूहळू परत शोषून घेते आणि पुन्हा दगड होते. चुनखडीतून जाणारा हा वायू कोणता, हे एडिंबरोच्या जोसेफ ब्लॅकने १७५६ साली प्रसिद्ध केले, म्हणजे स्मीटनचे प्रयोग चालू असतानाच. योगायोग म्हणा. तेव्हा साध्या चुन्याला दगड व्हावयास हवा लागते. पाण्याखाली हवा पोचत नाही. तेथे असा चुना महिनोन्‌महिने लोण्यासारखा राहतो आणि लाट त्याला घेऊन जाते. जाड भिंतीच्या गाभ्यातसुद्धा हेच होते. जुना किल्ला पाडताना शेकडो वर्षांपूर्वीचा चुना आतून मऊ निघाल्याचे बांधकाम खात्यातल्या जाणत्यांनी आम्हाला सांगितले आहे.

रोमन लोकांनी यावर तोड काढली होती. नेपल्सजवळची ज्वालामुखीची राख, जिला पुढे पॉझोलाना म्हणू लागले, ती चुन्यात मिसळली की चुना पाण्याखालीही आवळतो, हे त्यांना ठाऊक होते. विट्रुव्हिअसने ते लिहून ठेवले आहे, आणि चुन्यात भाजलेल्या मडक्यांची पूड घालावी असेही त्याचे सांगणे आहे. ही पूड म्हणजे आपली सुरखीच की! पण त्याच विट्रुव्हिअसने आणखी एक मत मांडले होते: घट्ट, कठीण दगडाचा चुना बांधकामाला चांगला आणि सच्छिद्र दगडाचा गिलाव्याला चांगला. हे मत पुढे अठराशे वर्षे चालले. कठीण दगडाचा चुना कठीण, मऊ दगडाचा मऊ. ऐकायला किती सरळ वाटते! बापासारखा मुलगा म्हणावे तसे. म्हणूनच कोणाला ते तपासून पाहावेसे वाटले नाही.

स्मीटनने तपासले. प्लिमथला तो विल्यम कुकवर्दी नावाच्या औषध्याकडे उतरला होता. हा कुकवर्दी मोठा विचक्षण माणूस. पुढे इंग्लंडात चिनी मातीची भांडी करण्याचे श्रेय त्याला मिळाले. त्याच्याकडून स्मीटनने रसायनाची रीत शिकून घेतली. स्मीटनची परीक्षा अशी: निरनिराळ्या चुन्यांचे मिश्रण करून त्याची सुमारे दोन इंच व्यासाची गोळी वळावयाची, बोटाने दबणार नाही इतकी आवळली की पाण्याच्या भांड्यात सोडावयाची, आणि पुढे ती विरघळते, तशीच राहते की अधिक कठीण होते ते पाहावयाचे. बस्स. इतकी साधी परीक्षा की एखाद्या शाळकरी मुलालाही करता येईल. आमच्या बाबा गवंड्यांनी स्मीटनचे नाव ऐकले असण्याचा संभव नाही, आणि स्मीटनने तर आमचे गाव ऐकले नव्हतेच.

प्रथम त्याने विट्रुव्हिअसचे मत घेतले. एकीकडे प्लिमथचा संगमरवरासारखा कठीण दगड आणि दुसरीकडे नखाने खरवडता येणारा खडू. दोहोंचा चुना पाडला, सारख्याच रीतीने मिसळला, सारख्याच गोळ्या केल्या. पाण्यात दोघांत काही फरक दिसेना. दगडाचा कठीणपणा भट्टीतच संपतो, चुन्यात उतरत नाही, हे सिद्ध झाले. अठराशे वर्षांच्या मताला दोन गोळ्या पुरल्या.

मग वेल्सच्या किनाऱ्यावरच्या अॅबर्थॉ येथील दगडाचा चुना त्याच्यापुढे आला. हा चुना पाण्यातल्या कामाला चांगला अशी त्याची ख्याती होती. गोळी केली, पाण्यात टाकली, आणि ख्याती खरी निघाली. आता दुसरा कोणी असता तर "अॅबर्थॉचा चुना आणा" म्हणून मोकळा झाला असता. स्मीटनने विचारले, का? त्या दगडाचा तुकडा त्याने कुकवर्दीच्या सांगण्याप्रमाणे तेजाबात टाकला. शुद्ध चुनखडी तेजाबात फसफसून विरघळून जाते. खडू तसा गेला. अॅबर्थॉचा दगड विरघळला, पण तळाशी गाळ राहिला. तो गाळ त्याने गाळून घेतला, वाळवला, आणि हाताला तो मातीसारखा, म्हणजे कुंभाराच्या चिकणमातीसारखा लागला. त्याची गोळी करून भाजली, तर वीट झाली! पाण्यात आवळणाऱ्या चुन्याच्या पोटात चिकणमाती असते, हे येथे प्रथम कळले. आणखी काही ठिकाणचे चुने त्याने असेच तेजाबात टाकून पाहिले, आणि जेथे गाळ उरला तेथे चुना पाण्यात टिकला.

ही माती चुन्यात नेमके काय करते ते स्मीटनला सांगता आले नाही. त्या काळच्या रसायनशास्त्राला ते सांगता येणे शक्य नव्हते. भट्टीच्या उष्णतेत मातीतली सिलिका आणि अॅल्युमिना चुन्याशी संयोग पावतात, आणि तो संयुक्त पदार्थ हवेच्या नव्हे, पाण्याच्या साहाय्याने घट्ट होतो, हे पुढचे ज्ञान. पण उत्तराच्या आधी योग्य प्रश्न सापडणे ही काही लहान गोष्ट नव्हे.

उरला प्रश्न मिश्रणाचा. हॉलंडमधून येणारी टरास नावाची दगडाची पूड तेव्हा पाण्याच्या कामात घालीत. ती सतत पाण्याखाली उत्तम, पण जेथे ओले आणि कोरडे आळीपाळीने होते तेथे तितकी भरवशाची नाही, असे स्मीटनचे मत झाले. आणि एडिस्टनचा खडक तर रोज ओला आणि रोज कोरडा. तेवढ्यात प्लिमथच्या एका व्यापाऱ्याकडे इटलीच्या चिव्हिटाव्हेक्किया बंदरातून आलेला पॉझोलाना पडून असल्याचे कळले. लंडनच्या वेस्टमिन्स्टर पुलाला खपेल म्हणून त्याने तो मागविला होता, आणि पुलावाल्यांनी घेतला नाही! व्यापाऱ्याच्या बुडीत मालाने दीपगृह तारले असे म्हणावयास हरकत नाही. अॅबर्थॉचा चुना आणि पॉझोलाना समभाग, हे प्रमाण स्मीटनने ठरविले. पोर्टलंडच्या उत्तम बाजारी दगडाची बरोबरी करील असा चुना त्याला हवा होता.

पहिला दगड १२ जून १७५७ रोजी बसला. खडकावर ओहोटीच्या वेळी जे काही तास मिळत तेवढ्यात काम उरकावयाचे. चुना बादल्यांत कुटून कुटून तयार करीत, आणि नुकत्या भरलेल्या सांध्यांवर लाट येण्यापूर्वी प्लॅस्टर ऑफ पॅरिसचा लेप देत, म्हणजे आतला चुना आवळेपर्यंत तरी धुपू नये. १६ ऑक्टोबर १७५९ ला दिवा लागला. दिवा म्हणजे काय, तर चोवीस मेणबत्त्या. सत्तर फुटांवर उंचीचा तो बुरूज, आणि वर चोवीस मेणबत्त्या!

येथे आम्हाला स्मीटनबद्दल एक तक्रार नोंदवावीशी वाटते. हे सारे प्रयोग १७५६ च्या सुमाराचे, आणि त्यांची साद्यंत हकीकत छापली गेली १७९१ साली, त्याच्या मृत्यूच्या आदल्या वर्षी. मधली पस्तीस वर्षे किती पूल आणि किती धक्के जुन्या समजुतीवर बांधले गेले असतील! तो कामात बुडालेला होता हे मान्य. पण ज्ञान पेटीत राहिले हेही खरे.

स्मीटनची गोळी "टिकते की नाही" एवढेच सांगे. "किती दिवसांत" आणि "किती" हे सांगावयास दुसरा माणूस यावा लागला. लुई व्हिका हा फ्रान्सचा पूल-रस्ते खात्यातला तरुण इंजिनिअर. १८१२ मध्ये त्याला दॉर्दोन नदीवर सुयाक येथे पूल बांधावयास पाठविले. नेपोलियनच्या लढायांत सरकारी तिजोरी रिकामी होत होती. पुलाला पैसे येईनात, काम रखडले, आणि व्हिकाला वेळच वेळ मिळाला. सरकारी काम रखडण्याचा इतका चांगला उपयोग झाल्याचे दुसरे उदाहरण आम्हाला तरी ठाऊक नाही. त्याने गावोगावचे चुने गोळा केले, भांड्यांत घालून पाण्यात बुडविले आणि रोज तपासले.

तपासण्याची पहिली रीत बोटाचीच होती. हाताच्या साधारण जोराने बोट दाबले आणि खळगा पडला नाही, म्हणजे चुना आवळला. पण बोट कोणाचे? बेलदाराचे की कारकुनाचे? सकाळचे की थकल्यावरचे? व्हिकाने बोटाऐवजी विणावयाची सुई घेतली. जाडी सुमारे सव्वा मिलिमीटर, टोक कापून सपाट केलेले, आणि वर ३०० ग्रॅमचे वजन. ती सुई चुन्यावर उभी ठेवली आणि खूण उमटली नाही, म्हणजे चुना आवळला. यावरून त्याने चुन्यांच्या जाती लावल्या: पंधरा-वीस दिवसांनी आवळणारा साधारण, सहा-आठ दिवसांत आवळणारा चांगला, आणि दोन ते चार दिवसांत आवळणारा उत्तम. जो कधीच आवळत नाही तो शुद्ध, चरबट, आणि पाण्याच्या कामाला निरुपयोगी. म्हणजे शुद्ध तेवढे चांगले हा आपला नेहमीचा समज येथे उलटा पडतो. पुढे जाऊन व्हिकाने शुद्ध चुना आणि चिकणमाती मोजून एकत्र केली, भाजली, आणि निसर्गाने न दिलेला पाणचुना स्वतः करून दाखविला. १८१८ साली त्याने सर्व प्रसिद्ध केले, पेटंट घेतले नाही. आयफेल मनोऱ्यावर कोरलेल्या बहात्तर नावांत त्याचे नाव आहे.

आवळणे निराळे आणि बळ निराळे, हेही लवकरच ध्यानात आले. स्ट्रासबुर्गला जनरल ट्रसार याने चुन्याच्या लहान कांड्या केल्या, दोन टोकांना टेकू देऊन मध्ये वजन टांगले आणि किती वजनाला कांडी मोडते ते लिहून काढले. त्याचा ग्रंथ १८२९ चा. व्हिकाचे आणि त्याचे मतभेद झाले, ते आपण सोडून देऊ. इंग्लंडात चॅथमला पास्ली याने भिंतीतून आडवी वीट बाहेर काढून तिला चुना-सिमेंट लावून दुसरी, तिला तिसरी, अशा विटा अधांतरी जोडीत नेल्या, आणि कितव्या विटेला सारे कोसळते ते मोजले. ही परीक्षा पाहावयास मजेची खरी, पण तीत चुन्याच्या बळाबरोबर गवंड्याच्या हाताचेही बळ मोजले जाते.

आता आपल्याकडे येऊ. व्हिकाच्या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर १८३७ साली लंडनला प्रसिद्ध झाले, आणि भाषांतरकार होता मद्रास इंजिनिअर्समधला कॅप्टन जे. टी. स्मिथ. त्याने नुसते भाषांतर केले नाही, स्वतःचे प्रयोग पाहून टिपाही जोडल्या. मद्रासकडचा शिंपल्यांचा चुना जगप्रसिद्ध. त्याचा घोटलेला गिलावा आरशासारखा चमकतो. पण शिंपल्यांचा चुना म्हणजे जवळजवळ शुद्ध चुना, म्हणजे व्हिकाच्या हिशेबी पाण्याच्या कामाला अगदी नालायक! इतक्या सुंदर चुन्याच्या गावी राहणाऱ्या इंजिनिअरला मातीमिश्रित चुन्याचा ग्रंथ भाषांतर करावासा वाटला, याचे आश्चर्य वाटावयास नको.

आपल्या देशावर मात्र निसर्गाने उलट व्यवस्था केली आहे. काळ्या जमिनीत सापडणाऱ्या कंकरात माती मुळातच मिसळलेली असते. तो मातीमुळे मळकट दिसतो म्हणून त्याला कमी लेखतात, पण पाण्यात तोच टिकतो. जेथे कंकर नाही तेथे सुरखी. भाजलेल्या विटेची पूड आणि स्मीटनने तेजाबातून काढून भाजलेला गाळ, तत्त्वतः एकच वस्तू. प्रवरेवर भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले ते चुन्यातल्या दगडी बांधकामाचे. कावेरीवरचे कृष्णराजसागर, ज्याच्याशी पुण्यात शिकलेल्या विश्वेश्वरय्यांचे नाव जोडलेले आहे, तेही सुरखीच्या चुन्यात बांधलेले.

हे चुने तपासून घातले, म्हणूनच ती धरणे उभी राहिली. जेथे तपासणे सुटले तेथे काय होते ते आम्ही जवळून पाहिले आहे. ज्या वाड्याची गोष्ट आम्ही आरंभी सांगितली, त्याची काही वर्षांपूर्वी दुरुस्ती झाली. दुरुस्ती करणाऱ्यांनी जुने सांधे खरवडून त्यांत निव्वळ सिमेंट भरले. सिमेंट बळकट, मग चिंता कसली? पण जुनी वीट मऊ, जुना चुना श्वास घेणारा. भिंतीतली ओल पूर्वी सांध्यांतून बाहेर पडे, ती आता विटेतून पडू लागली, आणि तीनचार पावसाळ्यांत सिमेंटचे सांधे तसेच पुढे राहून मधल्या विटांची भुकटी झाली. बळाची परीक्षा कोणी केलीच असती तर सिमेंट पहिल्या वर्गात आले असते. ते कोणाशेजारी बसावयाचे आहे, हे मात्र कोणी विचारले नव्हते. भारतीय मानकांत इमारतीच्या चुन्याचे ए, बी, सी वगैरे वर्ग केले आहेत ते याचसाठी: उत्तम पाणचुना, मध्यम पाणचुना आणि शुद्ध चुना. काम पाहून वर्ग निवडावयाचा. व्हिकाची सुई तर अजून निवृत्त झालेलीच नाही. सिमेंट आवळावयास किती वेळ घेते ते आजही प्रयोगशाळांत तिच्याच वंशातल्या सुईने, तिच्यावर तेवढेच ३०० ग्रॅम ठेवून पाहतात.

स्मीटनच्या दीपगृहाचे काय झाले, ते सांगावयाचे राहिले. एकशेवीस वर्षे त्याने दिवा धरला. मग त्याच्या पायाखालचा खडकच लाटांनी पोखरला गेला, आणि मोठी लाट आली की बुरूज हलू लागला. चुना टिकला, दगड टिकला, खडक टिकला नाही. शेजारच्या खडकावर नवे दीपगृह १८८२ साली उभे राहिले. जुन्याचा वरचा भाग दगड दगड उतरवून प्लिमथच्या टेकडीवर पुन्हा रचला. खालचा बुंधा मात्र तेथेच ठेवला. तो अजून एडिस्टनच्या खडकावर नव्या दीपगृहाशेजारी उभा आहे, दिवसातून दोनदा ओला आणि दोनदा कोरडा होत.

आणि भाषांतरकार कॅप्टन स्मिथ? त्यानेही पुढे एक दीपगृह बांधले. १८४४ च्या १ जानेवारीला मद्रासला त्याचा दिवा लागला. पन्नास वर्षांनी दिवा हायकोर्टाच्या घुमटावर गेला. मूळचा उंच दगडी खांब हायकोर्टाच्या आवारात अजून उभा आहे. चेन्नईला गेलात तर जाऊन पाहा, आणि सांध्यांवरून बोट फिरवून पाहा.